फ्लॉपीला लावलेलं कुंकू

आमचे हे आत्ता क्लासला गेलेत, म्हणून सांगते. घरात असते तर एक अक्षर बोलू दिलं नसतं. सगळं जळगाव त्यांना भामरे सर म्हणतं. आता मीही सरच म्हणते. लग्न होऊन आले तेव्हा ‘अहो’ म्हणायचे, पण दिवसभर पोरांच्या तोंडून सर-सर ऐकून माझीही जीभ तिकडेच वळली.

सुकदेव वना भामरे. गाव धुळ्याकडचं, पांझरेच्या काठचं. घरी कोरडवाहू शेती, दोघं भाऊ, आणि हे धाकटे. धुळ्याच्या कॉलेजात बी.एस्सी. केलं, मग पुण्याला जाऊन कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला. पुण्यातच नोकरी लागत होती. पण साहेबांच्या डोक्यात भूत शिरलेलं, की आपल्या खानदेशातल्या पोरांना हे कोण शिकवणार? आले परत. जळगावात मेहरूणला आम्ही भाड्याने दोन खोल्या घेतल्या, आणि बाजारात एका किराणा दुकानाच्या माडीवर यांचा क्लास सुरू झाला. एक मशीन, तेही कोणीतरी वापरलेलं. नव्वद-एक्क्याण्णवची गोष्ट.

त्या मशीनचा थाट काय सांगू! देवघरात जाताना काढत नाहीत इतक्या भक्तीने लोक बाहेर चपला काढायचे. खिडक्या बंद, पडदे लावलेले, मशीनवर प्लास्टिकची झूल. नशिराबादचा एक गृहस्थ हरवलेल्या म्हशीचा पत्ता विचारायला आला होता. यांनी त्याला हाकललं नाही. बसवून घेतलं, पाणी दिलं, आणि कॉम्प्युटरला आपण सांगू तेवढंच ठाऊक असतं, हे शांतपणे समजावलं. तो म्हणाला, “मग तुमचा काय उपयोग?” आणि निघून गेला. हे हसत घरी आले. माणूस वाईट नाही हो आमचा. ते आधी सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुम्हाला राग येईल. मला अजून येतो.

शिकवायचे मात्र जीव ओतून. घरीसुद्धा सुटका नाही. एके दिवशी स्वयंपाकघरातून माझ्या वाट्या उचलल्या आणि आमटीच्या वेळेला फरशीवर ओळीने मांडून बसले. माझ्या सासूबाई, म्हणजे भिकुबाई, तेव्हा गावाहून आमच्याकडे राहायला आल्या होत्या. आम्ही सगळे त्यांना माय म्हणायचो. मायला हे समजावत होते, “माय, मशीनला अक्षर कळत नाही. त्याला दोनच गोष्टी कळतात. वाटी उपडी की सुलटी. दिवा बंद की चालू. अशा आठ वाट्यांचं एक अक्षर होतं.” मग त्यांनी वाट्या लावल्या. उपडी, सुलटी, उपडी, उपडी, सुलटी, सुलटी, उपडी, सुलटी. “हा बघ इंग्रजीतला एम. तुझ्या ‘माय’मधला पहिला.”

मायने कमरेवर हात ठेवून ती ओळ पाहिली. “आनि आख्खं गाणं लिखनं व्हयी तं? इतल्या वाट्या घासी कोण?” म्हणजे एवढ्या वाट्या घासणार कोण! मी पदर तोंडाशी धरून हसत सुटले. हेही हसले.

गाण्याचा विषय तिथूनच निघाला. मायच्या पोटात कानबाईची गाणी होती. श्रावणात आमच्या गावच्या घरी कानबाई, आमची खानदेशची देवी, बसते. सगळी भाऊबंदकी जमते, रोटांचा, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांचा, गहू दळला जातो, चौरंगावर कानबाई मांडतात आणि बाया रात्र जागवतात. त्यात मायची गाणी वेगळी. तिच्या सासूने तिला दिलेली, सासूला तिच्या सासूने. आमच्या घराण्याशिवाय ती कुठेच नाहीत. माय आणि तिची जाऊ ताईबाई, दोघी मिळून म्हणायच्या. एकीने ओळ टाकायची, दुसरीने झेलायची. ताईबाई वारली आणि माय एकटी पडली. मला शिकवायची फार धडपड केली तिने. पण माझा गळा म्हणजे फुटका डबा. मोठ्या जाऊबाईंना दोन ओळींच्या पुढे काही लक्षात राहत नसे. माय म्हणायची, “मी मरसू तवय गाणाबी मरी जातीन.” हे म्हणताना तिचा चेहरा असा व्हायचा, की जणू तिने कोणाचं तरी लेकरू सांभाळायला घेतलंय आणि ते आता कोणाच्या हाती द्यायचं तेच कळत नाहीये.

हे म्हणाले, “माय, नाही मरणार. मी ठेवतो ना मशीनमध्ये.”

झालं! रोज संध्याकाळी पोरं गेली की माय रिक्षाने क्लासवर. स्टुलावर पदर सावरून बसायची आणि एकेक ओळ म्हणायची. मशीनमध्ये मराठी अक्षरं यायची सोय नव्हती. हे इंग्रजी अक्षरांत गाणं उतरवायचे. मी डबा घेऊन जायची तेव्हा बघायची. गाणं संपलं की हे पडद्यावरून वाचून दाखवायचे, आणि आपलंच गाणं मास्तरी सुरात ऐकून मायला हसू फुटायचं. मग हे दोन बटणं दाबायचे, ती चौकोनी काळी फ्लॉपी आत घुरघुर करायची, आणि हे म्हणायचे, “गेलं बघ माय आत. आता शंभर वर्षं हलत नाही.” माय मशीनला हात जोडायची.

एकदा तिने विचारलं, की त्या काळ्या चौकोनात आहे तरी काय? यांनी फ्लॉपी हातात घेऊन दाखवली. कागदी पाकिटासारखं आवरण, त्याला एक लांबट खिडकी, आणि खिडकीतून तपकिरी तबकडी दिसते. “माय, ह्या तबकडीवर लोखंडाची बारीक भुकटी असते. तिचे कण कुठे असे झोपलेले, कुठे तसे. तीच आपली उपडी-सुलटी वाटी. मशीनचं डोकं ह्या खिडकीतून ते वाचतं.”

“म्हंजे हाई येन्हं तोंड शे,” माय म्हणाली. आणि लोखंड आहे म्हणताच तिने मान डोलावली. तिला ओळखीचं काहीतरी सापडलं होतं.

पावसाळाभर हे चाललं. गाणी संपली. मायच्या चेहऱ्यावर ओझं उतरल्याचं समाधान. फ्लॉपी पोरांच्या हाती लागू नये म्हणून यांनी घरी आणली आणि माझ्या लुगड्यांच्या कपाटात ठेवली. स्वतः क्लासात बोर्डावर लिहून ठेवलेलं, प्रत्येक कामाच्या दोन प्रती करा. स्वतःच्या आईच्या गाण्यांची मात्र एकच! लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय?

दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याला घरातल्या लोखंडाची पूजा होते. नांगराचा फाळ, विळा, कुऱ्हाड, अडकित्ता, विळीसुद्धा. आणि कुंकू लावायचं ते जिथे वस्तू काम करते तिथे. विळ्याला पात्यावर, फाळाला टोकावर. मुठीला कोणी लावत नाही. हे क्लासवर मशीनला हार घालायला गेलेले, मी पुरणाच्या घाईत. मायने कपाटातून फ्लॉपी काढली. पाटावर ठेवली. हळद-कुंकू पाण्यात कालवलं आणि तिच्या तोंडाला, म्हणजे त्या खिडकीतल्या तबकडीवर, चांगलं ठसठशीत बोट ओढलं. अक्षता वाहिल्या, झेंडू ठेवला, ओवाळलं. वाळल्यावर नीट झटकून पुन्हा माझ्या लुगड्यांत ठेवली. तिने काय चूक केली सांगा? यांनीच सांगितलं होतं ना, लोखंड आहे आणि तोंड इथे आहे?

दिवाळीनंतर धुळ्याचे एक प्राध्यापक आले. त्यांना गाण्यांची पुस्तिका छापायची होती, पुढच्या कानबाईला घरोघर वाटायला. यांनी मोठा बार उडवला. क्लासवर शेजारपाजारचे दुकानदार, जुने विद्यार्थी, यांचा चुलत भाऊ निंबा, सगळे बोलावले. मायला पैठणीसारखं जरीकाठी लुगडं नेसवून स्टुलावर बसवलं. “खानदेशात पहिल्यांदा,” असं काहीतरी भाषण ठोकलं, आणि फ्लॉपी मशीनमध्ये सारली.

मशीन घरघरलं. पुन्हा घरघरलं. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी आलं आणि यांचं तोंड उतरलं. पुन्हा पुन्हा बटणं दाबली. शेवटी फ्लॉपी ओढून काढली तर खिडकीत लालभडक कुंकू, आणि एक तांदळाचा दाणा चिकटलेला.

“हे कोणी केलं?”

माय कौतुकाने म्हणाली, “मी. दसराले पूजा करी व्हती.”

आणि मग आमचे हे, म्हशीच्या मालकाला पाणी देऊन समजावणारे हे, सगळ्यांसमोर आईवर ओरडले, “अडाणी ती अडाणीच राहणार! सगळं पुसलं तू! सगळी गाणी घालवली स्वतःच्या हाताने!”

निंबा फिदीफिदी हसला. त्याचं बघून पोरं हसली. प्राध्यापक बिचारे खाली बघत राहिले. माय स्टुलावरून उतरली, पदर डोक्यावरून पुढे ओढला, आणि जिन्याशी जाऊन तिच्या चपला शोधू लागली. तिला त्या सापडेनात. शेवटी मीच तिच्या पायात चपला सरकवल्या. रिक्षात ती एवढंच म्हणाली, “बठ्ठं मन्हा हाततीन गयं, इंदिरा.” म्हणजे सगळं माझ्याच हातून गेलं.

प्राध्यापकांनी नंतर निरोप पाठवला, की माय पुन्हा म्हणत असतील तर मी स्वतः वही घेऊन येतो. मायने मानच हलवली. नाही म्हणजे नाही. देवीनेच ती गाणी काढून घेतली असतील, आपला हात बाटला असेल, अशी तिची समजूत झाली. मी म्हटलं, “माय, असं काही नसतं.” पण मी कोण? मुलाने सांगितलेलं तिने खरं धरलं. मुलगा शिकलेला ना!

थोड्या दिवसांनी यांनी त्या फ्लॉपीवर दया दाखवली. आवरणाला ब्लेडने चीर दिली, आतली तबकडी अल्लाद काढली, साबणाच्या पाण्याने धुतली, सावलीत वाळवली आणि दुसऱ्या कोऱ्या आवरणात घातली. मी समोर बसून शेंगा सोलत होते, मग यांच्या मागे क्लासवर गेले. मलाही आशा होती. फ्लॉपी आत गेली, मशीन घुरघुरलं, आणि चालली की हो! कुंकवाने तिचं काहीसुद्धा बिघडलं नव्हतं. नुसती घाण बसली होती.

“अहो, उघडली!” मी टाळीच वाजवली.

हे पडद्याकडे बघत बसले. मी विचारलं, “काय झालं?” तर नुसतं बोट दाखवलं. पडद्यावर एकच नाव होतं. इंग्रजीत ‘माय’. एकच.

मग सांगितलं त्यांनी. सांगताना माझ्याकडे बघत नव्हते. कॉम्प्युटरात काही ठेवायचं तर त्याला नाव द्यावं लागतं. दरवेळी नवं नाव. हे प्रत्येक गाण्याला तेच नाव देत गेले, प्रेमाने, ‘माय’. त्याच नावाने दुसरं ठेवायला गेलं की मशीन विचारतं, आधीचं आहे, त्यावर लिहू का? हो की नाही? हे रोज ‘हो’ दाबायचे. घाईत, सवयीने, न वाचता. प्रत्येक नव्या गाण्याने आधीचं पुसलं गेलं. सगळ्या वाट्या उचलून पुन्हा मांडायच्या, तसं. फ्लॉपीत राहिलं होतं फक्त शेवटचं गाणं.

“म्हणजे दसऱ्याच्या आधीच गेली होती?”

“हो.”

“तुमच्या हाताने?”

यांनी मग माझा हात धरून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. “मायला सांगू नकोस. माझी शपथ आहे. मी सांगेन.”

सांगेन म्हणे! उद्या सांगतो, या रविवारी सांगतो, दिवाळीला सांगतो. मी रोज डोळे वटारायची. कधी पोळी ताटात आपटायची. कधी म्हणायची, “अहो, ती म्हातारी तुळशीला पाणी घालायला घाबरते आता, दिसत नाही का?” आणि खरंच होतं ते. पुढच्या दसऱ्याला मी पाट मांडला, विळी ठेवली, मायला कुंकवाचा करंडा दिला, तर तिने हात मागे घेतला. “नको वं बाई, मन्हा हात नको.” हे तिथेच उभे होते. सगळं ऐकलं आणि दाढी करायला निघून गेले. आरशासमोर कितीतरी वेळ उभे. दाढी काही केली नाही. लाज वाटत होती त्यांना, मला कळत होतं. पण लाज वाटणं वेगळं आणि तोंड उघडणं वेगळं.

गावच्या कानबाईला तर बघवेना. पहिल्या वर्षी माय आजारी आहे असं सांगून जळगावलाच राहिली. दुसऱ्या वर्षी मी हट्टाने नेलं. तर ती मागच्या दाराशी, धान्याच्या पोत्यांजवळ जाऊन बसली. बाहेर बाया कानबाईपुढे सिनेमाच्या चालीवरची गाणी म्हणत होत्या. कोणीतरी हाक मारली, “भिकुबाई, या ना, तुमचं म्हना!” माय आतून म्हणाली, “माले नही येत आते.”

मी सरळ ओसरीवर गेले. हे चुलत्यांबरोबर बसले होते. सगळ्यांदेखत म्हटलं, “जरा आत या. तुमच्या आईला काहीतरी सांगायचं राहिलंय ना?” माझ्या आवाजावरून त्यांना कळलं की आज सुटका नाही. शपथ मी मोडली नाही. पण त्यांना बकोटीला धरायला शपथ आड येत नव्हती.

पोत्यांच्या खोलीत हे मायच्या पायाशी खाली बसले. मी दाराशी उभी. यांनी मग अडखळत सगळं सांगितलं. कुंकवाने काही झालं नव्हतं. गाणी आधीच गेली होती. मीच पुसली. एकाच नावावर ठेवत गेलो. तुझ्यावर ओरडलो. कळलं तरी सांगितलं नाही.

मायला नावाचं, बटणाचं काही कळलं नसेल. पण तिने एकच विचारलं, “मन्हा हाततीन नही गयात ना?”

“नाही माय. माझ्या हाताने.”

माय मग म्हणाली, “दोन वरीस मी कानबाईना म्होरे उभी नही राहिनू, भाऊ. तिले काय तोंड दखाडू, म्हनीसन.” रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. मग तिने डोळे मिटले, हात गुडघ्यावर ठेवले, आणि गाऊ लागली. अगदी हळू. पहिली ओळ आली. दुसरी आली. मला काय आनंद झाला! मी बाहेरच्या बायांना बोलवायला वळले, तेवढ्यात आवाज थांबला. तिने पुन्हा पहिलीपासून धरलं. दुसरीनंतर पुन्हा थांबली. दुसरं गाणं धरलं. त्याची एकच ओळ आली. तिसरं आठवेचना. झेलायला ताईबाई नव्हती, आणि मधली दोन वर्षं तिने मनातल्या मनातसुद्धा गाणं येऊ दिलं नव्हतं. भीतीने दाबून ठेवलं होतं. ओठ हलत होते, आवाज नव्हता. डोळे उघडून तिने आमच्याकडे असं बघितलं, जणू आता हे पोरगं सांगेल पुढची ओळ.

यांना एकाच गाण्याच्या ओळी ठाऊक होत्या, फ्लॉपीत उरलेल्या. त्याही धड आठवेनात. हे रडायला लागले. मोठ्याने, लहान पोरासारखे.

आणि मायने काय केलं असेल? पदराने त्यांचं तोंड पुसलं. घाईघाईने, बाहेर कोणी ऐकेल म्हणून. “उगा राह्य. कोणले सांगू नको हाई. तू मास्तर शेस. पोरे काय म्हनतीन? तुना क्लासले कोण येई? मायनी कुंकू लाई दिधं आनि गाणा गयात, आसंच सांग. माले काय, मी अडाणीच शे.”

हे मान हलवत होते, नाही-नाही म्हणत होते. मी म्हटलं, चला, आता तरी बाहेर जाऊन सगळ्यांना सांगतील.

आम्ही ओसरीवर आलो. निंबाभाऊ पानाला चुना लावत बसला होता. यांचे लाल डोळे बघून म्हणाला, “काय सर, मायनी आते कशाले कुंकू लाई दिधं?” सगळी ओसरी हसली. चुलते हसले, पोरं हसली. आतल्या दाराशी माय उभी होती. तीही ऐकत होती.

मी यांच्या तोंडाकडे बघत होते. बोला, म्हटलं मनात. आता बोला.

आणि हे हसले. सगळ्यांबरोबर हसले.